वय वाढतं, तब्येत कशी टिकते? ‘लासी’ आणि दीर्घकालीन अभ्यासांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लासी’ म्हणजे काय?

भारतातल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या लोकांचं आरोग्य, पैसा, काम आणि कुटुंब यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा अभ्यास. पूर्ण नाव ‘लॉन्जिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तो केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी चालवते. हार्वर्डचं सार्वजनिक आरोग्य विद्यालय आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ हे भागीदार आहेत. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात सिक्कीम सोडून सर्व राज्यांतले आणि केंद्रशासित प्रदेशांतले ७२,२५० लोक होते, त्यांपैकी ३१,४६४ साठीच्या पुढचे. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. पुढची पंचवीस वर्षं त्याच माणसांकडे परत परत जायचं, अशी मूळ आखणी आहे.

असे अभ्यास इतर देशांतही चालू आहेत: अमेरिकेत १९९२ पासून, इंग्लंडमध्ये २००२ पासून, चीनमध्ये २०११ पासून. प्रश्नावल्या जाणूनबुजून एकमेकींशी जुळत्या ठेवलेल्या आहेत. म्हणून साताऱ्यातल्या आजींची हाताची पकड आणि मँचेस्टरमधल्या आजींची पकड एकाच तक्त्यात मांडता येते.

एकदाच मोठं सर्वेक्षण केलं तर भागत नाही का? त्याच माणसाकडे पुन्हा कशाला जायचं?

भागत नाही. हा मुद्दा कळला की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

समजा आज पन्नाशीचे आणि ऐंशीचे हजार-हजार लोक मोजले. ऐंशीचे लोक सरासरीने बुटके निघतील. मणक्यांमधल्या चकत्या झिजून उंची कमी झाली, की त्यांना लहानपणी पुरेसं खायला न मिळाल्यामुळे ते मुळातच बुटके राहिले? एका वेळच्या मापावरून हे सांगता येत नाही. स्मरणशक्तीचंही तेच. ऐंशीच्या बाईंना कमी शब्द आठवले यात वयाचा वाटा किती आणि त्या शाळेतच गेल्या नाहीत याचा किती, हे वेगळं काढायचं तर त्याच बाईंना चार-सहा वर्षांनी पुन्हा तेच शब्द विचारावे लागतात.

याचं उत्तम उदाहरण मूत्रपिंडाचं आहे. वय वाढलं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं, हे एका वेळच्या मापांवरून सर्वमान्य झालं होतं. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ पासून चालू असलेल्या अभ्यासात २५४ निरोगी लोकांचं हेच माप वर्षानुवर्षं घेतलं गेलं. १९८५ मध्ये निष्कर्ष आले. सरासरी घटत होती खरी, पण सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये घट झालीच नव्हती. म्हणजे ‘वयोमानाने होतंच’ म्हणून जे सोडून दिलं होतं, ते सगळ्यांना होत नव्हतं. सरासरीने ही माणसं झाकून टाकली होती. निरोगी म्हातारपणाचा शोध घ्यायचा तर नेमकी हीच माणसं बघायची असतात.

आमचंच घर का निवडलं? शेजारचे काका जास्त हौशी आहेत, त्यांना घ्या की.

हौशी आहेत म्हणूनच नको. स्वतःहून पुढे येणारी माणसं बहुधा जास्त शिकलेली, हिंडती-फिरती आणि तब्येतीला जपणारी असतात. तेवढीच घेतली तर सगळा महाराष्ट्र आहे त्यापेक्षा ठणठणीत दिसेल.

निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. २०११ च्या जनगणनेच्या याद्यांवरून आधी तालुके, मग गावं किंवा शहरी वॉर्ड, मग घरं. शहरात वॉर्ड आणि घर यांच्यामध्ये जनगणनेच्या छोट्या गटांचा एक टप्पा जास्तीचा असतो. तुमचं घर तुमच्यासारख्या शेकडो-हजारो घरांच्या वतीने निवडलेलं असतं. तुम्ही नाही म्हटलंत तर शेजारचं घर घेऊन ती जागा भरता येत नाही, ती रिकामीच राहते. नाही म्हणायचा हक्क अर्थातच तुमचा आहे. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

अट पंचेचाळीसची आहे, मग माझ्या ४१ वर्षांच्या बायकोची मुलाखत का घेतली?

निवडलेल्या व्यक्तीचा नवरा किंवा बायको कोणत्याही वयाची असली तरी घेतात. म्हातारपणी एकमेकांची शुश्रूषा, पैसा आणि चूल सामाईक असते. एकाचीच बाजू ऐकून त्याचा हिशेब लागत नाही.

घरी माणसं आली की नेमकं काय काय होतं?

आधी ओळखपत्र आणि पत्र दाखवतात, ते नीट बघून घ्या. मग संमतीपत्र वाचून दाखवतात. सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा. रक्ताच्या नमुन्याची संमती वेगळी असते. मुलाखतीला हो आणि रक्ताला नाही, असं म्हणता येतं.

त्यानंतर घराबद्दलचे प्रश्न येतात: खर्च, जमीन, कर्ज, पाणी, चुलीचं इंधन. मग प्रत्येक पात्र व्यक्तीची स्वतंत्र मुलाखत आणि शेवटी मोजमापं. उत्तरं थेट लॅपटॉपवर नोंदवली जातात. काम लांबलचक आहे. थकलात तर थांबवा आणि दुसरी वेळ ठरवा. दमलेल्या माणसाची अर्धवट उत्तरं कोणाच्याच कामाची नसतात.

मोजमापं अशी: उंची, वजन, कंबर, नितंब, रक्तदाब, नाडी, दृष्टी, फुंकर मारून फुप्फुसांची ताकद, हाताची पकड, तोल सांभाळणं, चार मीटर चालणं आणि बोटातून रक्ताचे थेंब.

रक्तदाब तीनदा का घेतात?

पहिला आकडा बहुतेकांचा जास्त येतो. अनोळखी माणूस, मशीनची घरघर, दंडावरचा आवळ यामुळे दाब चढतो. म्हणून मध्ये थोडं थांबून तीन नोंदी घेतात आणि शेवटच्या दोनची सरासरी काढतात. घरीही हीच सवय ठेवा. एका नोंदीवर गोळी वाढवणं किंवा सोडून देणं, दोन्ही चुकीचं.

आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत:

- मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू किंवा मिश्री. मिश्रीला कोणी तंबाखू समजत नाही, म्हणून ती वेगळी विचारावी लागते.
- दंडाच्या मानाने लहान पट्टा. दाब खोटा वाढतो. मोठ्या पट्ट्याने उलट होतं.
- लोंबता हात. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा साधारण ८ मिलिमीटरने जास्त येतो.
- पायावर पाय, टेकायला पाठ नसणं, लघवी तुंबलेली असणं आणि बोलत राहणं. घरात चारचौघं गप्पा मारत असताना घेतलेल्या नोंदीला फारसा अर्थ नसतो.

पाच मिनिटं शांत बसा, बाही वर करा किंवा हात बाहेर काढा, दंड टेबलावर ठेवा. पट्टा स्वेटरवरून बांधू देऊ नका.

हाताची पकड आणि चालण्याचा वेग यांतून काय कळणार?

एवढ्या स्वस्तात इतकं सांगणाऱ्या चाचण्या फार थोड्या आहेत.

पकड स्प्रिंगच्या डायनामोमीटरने किलोमध्ये मोजतात, प्रत्येक हाताने दोनदा. अंगठी काढा. मूठ एका दमात पूर्ण जोराने आवळायची, झटके द्यायचे नाहीत. हातावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सांगा, तो हात वगळतात. दांडा हाताच्या मापाला लावला नाही की लहान हाताच्या बायकांचा आकडा विनाकारण पडतो. ही चूक वारंवार होते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेली रेषा अशी: पुरुषांमध्ये २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांमध्ये १८ किलोपेक्षा कमी पकड असेल तर स्नायू क्षीण झाल्याचा संशय घ्यावा. भारतासह १७ देशांत झालेल्या एका अभ्यासात, २०१५ च्या निष्कर्षांनुसार, पकड दर ५ किलोने कमी असताना मृत्यूची जोखीम १६ टक्के जास्त आढळली. याचा अर्थ स्प्रिंग दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. सगळ्या शरीरात स्नायू किती शिल्लक आहेत, हे पकड दाखवते.

चालायचं ते नेहमीच्या चालीने, शर्यत नाही. काठी वापरत असाल तर काठीसह. चार मीटरला पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये असं दिसलं की हा वेग जितका जास्त, तितकी पुढची वर्षं जास्त. चालायला फुप्फुसं, हृदय, सांधे, मज्जातंतू, डोळे, तोल हे सगळं एकत्र लागतं. कुठेही बिघाड असला तरी आधी चाल मंदावते. घरात चार मीटर सरळ जागा नसेल तर अंगण किंवा चाळीचा व्हरांडा चालतो, पण पुढच्या फेरीलाही तशीच फरशी मिळाली पाहिजे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि गुळगुळीत टाइल्सवर माणूस सारखं चालत नाही.

बोटातून रक्त घेतात त्याचं काय करतात?

थेंब खास गाळण कागदाच्या कार्डावर घेतात आणि वाळवतात. शीतपेटीत नळ्या घेऊन डोंगरातल्या वाडीवर जाणं अवघड असतं. वाळलेला कागद मात्र पाकिटातून नेता येतो. ‘लासी’च्या पहिल्या फेरीतले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे गेले. नाव ऐकून काहीजण दचकतात, पण तिथे जाण्याचं कारण त्या संस्थेची प्रयोगशाळा हे आहे. नमुन्यांतून हिमोग्लोबिन, मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी आणि शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी अशा गोष्टी पाहतात. एचबीएवनसीमुळे उपाशीपोटी राहावं लागत नाही.

यात बिघडतं बरंच काही. मधल्या किंवा अनामिका बोटाच्या टोकाशी, जरा कडेला टोचायचं. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं आणि रक्त पातळ होतं. मग हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. हात खाली लोंबता ठेवावा, कोमट पाण्याने धुवावा, हाच उपाय. कार्डावरच्या एका वर्तुळात एकच मोठा थेंब, थेंबावर थेंब नाही. कार्ड उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता सावलीत काही तास वाळवायचं, मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कार्ड वाळता वाळत नाही. अर्धवट ओलं कार्ड बंद केलं की नमुना गेला.

तपासणीचे रिपोर्ट आम्हाला मिळतात का?

वजन, उंची, रक्तदाब हे आकडे तिथल्या तिथे कळतात. ते कागदावर लिहून मागा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दवाखान्यात जाऊन पुन्हा मोजून घ्या. वाळलेल्या थेंबांचे आकडे एकेका माणसाच्या निदानासाठी नसतात. हजारो लोकांचं चित्र काढायला ते पुरतात, गोळी ठरवायला नाही. साखर बघायची असेल तर शिरेतल्या रक्ताची तपासणी करा. अभ्यास म्हणजे आरोग्य शिबिर नव्हे, आणि हे आधी स्पष्ट न सांगितल्यामुळे गावात नाराजी होते.

आई शाळेत गेलेली नाही. तिला दहा शब्द आठव, उलटे आकडे म्हण, असं विचारणं अन्यायाचं नाही का?

शंका रास्त आहे. दहा शब्द वाचून दाखवतात आणि लगेच विचारतात. मध्ये दुसरे प्रश्न होतात आणि मग तेच शब्द पुन्हा विचारतात. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं येतील तितकी सांगायची, २० पासून उलटं मोजायचं, १०० मधून सात-सात वजा करत जायचं. वजाबाकीवर शाळेचा प्रभाव भरपूर आहे. प्राण्यांच्या नावांवर कमी, आणि गुरं राखलेल्या बायका तिथे पदवीधरांना मागे टाकू शकतात.

यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे निरक्षरांसाठीच बांधलेल्या चाचण्या. ‘लासी’च्याच स्मृतिभ्रंशाच्या उपअभ्यासात साठीच्या पुढच्या ४,०९६ लोकांची सविस्तर तपासणी झाली आणि त्यांना रोज पाहणाऱ्या घरच्या माणसालाही विचारलं गेलं: पूर्वी जे जमायचं ते आता जमतं का? त्यावरून २०२३ मध्ये अंदाज आला की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत जास्त. दुसरी वाट म्हणजे आईची तुलना आईशीच करणं. या खेपेला चार शब्द आणि पुढच्या खेपेलाही चार, तर काळजीचं कारण नाही, भले शेजारच्या निवृत्त बाईंना सात आठवत असोत.

चाचणी चालू असताना मात्र मदत करू नका. नातवंडं मागून ‘आजी, हत्ती!’ म्हणून ओरडतात. तो एक हत्ती पुढच्या फेरीत आजीची स्मृती घसरल्याचा खोटा पुरावा होतो. चष्मा आणि कानातलं यंत्र लावूनच बसवा. ऐकू न आलेला शब्द हा विसरलेला शब्द म्हणून नोंदला जातो.

आरोग्याच्या अभ्यासात शेती, पैसा आणि मुलं पैसे पाठवतात का हे कशाला?

कारण म्हातारपणीची तब्येत औषधांइतकीच यावर ठरते. मोतीबिंदू झालाय हे माहीत असून शस्त्रक्रिया का केली नाही, याचं उत्तर डोळ्यात सापडत नाही. दवाखान्यात कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी कोण बुडवणार, यात सापडतं. हे प्रश्न एकांतात विचारले जावेत असा आग्रह धरा. सासूबाईंना ‘जेवण वेळेवर मिळतं का’ हा प्रश्न सुनेसमोर विचारला तर एकच उत्तर येतं.

जन्मतारीख माहीत नाही. अंदाजे साठ लिहिलं तर चालेल?

चालणार नाही, आणि होतं मात्र नेहमी हेच. आपल्याकडच्या आकडेवारीत ६०, ६५, ७० या वयांवर माणसांचे ढीग लागतात, मधली वयं ओस पडतात. कागदपत्रांचाही भरवसा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख अर्ध्या महाराष्ट्राची आहे. घटनांवरून वय काढणं जास्त खात्रीचं: पानशेतचं धरण फुटलं (जुलै १९६१) तेव्हा शाळेत जात होता का, कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, थोरला तेव्हा कडेवर होता की चालत होता. दोन-तीन घटना जुळल्या की वय एक-दोन वर्षांच्या आत येतं.

पुढच्या फेरीपर्यंत आम्ही गाव सोडलं तर? किंवा माणूस गेलाच तर?

दीर्घकालीन अभ्यास मोडतात ते बहुतेक इथेच. आपल्याकडे आई-वडील पाळीपाळीने राहतात, चार महिने गावी, चार पिंपरीला धाकट्याकडे, उरलेले ठाण्याला मुलीकडे. प्रश्नावली घेऊन गेलं तर दाराला कुलूप. म्हणून पहिल्याच भेटीत दोन-तीन नातलगांचे फोन नंबर घेतात. लेकीचा नंबर जरूर द्या. सिमकार्ड बदललं तरी लेकीला आईचा पत्ता ठाऊक असतो.

निसटणारी माणसं सरसकट निसटत नाहीत. आजारी, एकटी, गरीब आधी गळतात. उरलेल्यांची सरासरी काढली की वाटतं, ऐंशीनंतर लोक सुधारतातच! प्रत्यक्षात अशक्त माणसं यादीतून गेलेली असतात. म्हणूनच मृत्यू झाला तरी अभ्यासाची माणसं घरी येऊन शेवटच्या काळाबद्दल विचारतात: आजार किती दिवस होता, सेवा कोणी केली, खर्च किती आला. वेळ नाजूक असते आणि नकार देता येतो. पण ही माहिती दिली नाही तर तो माणूस आकडेवारीत नुसता ‘सापडला नाही’ म्हणून उरतो.

बातमीत येतं की चालणारे जास्त जगतात. मग चालल्यानेच आयुष्य वाढतं ना?

कदाचित. पण उलटंही असू शकतं: ज्यांची तब्येत बरी आहे तेच चालतात. मागोवा घेणारे अभ्यास काय आधी आणि काय नंतर हे दाखवतात. कारण ठरवायला दर वेळी पुरत नाहीत. अमेरिकेत १९७६ पासून १,२१,७०० परिचारिकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात पाळी थांबल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसला. मग १६,६०८ बायकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. २००२ मध्ये तो वेळेआधीच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग वाढला होता आणि हृदयविकारही घटण्याऐवजी वाढल्याचं दिसलं. आधीच्या अभ्यासातल्या हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या होत्या.

चालण्याच्या बाबतीत प्रयोगाने दुजोरा मिळाला आहे. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवरच्या अमेरिकन प्रयोगात (२०१४) चालणं आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये ४०० मीटर चालता न येण्याची वेळ ३०.१ टक्के लोकांवर आली. नुसती आरोग्यव्याख्यानं ऐकणाऱ्यांमध्ये ३५.५ टक्के. फरक लहान वाटेल, पण तो दुसऱ्याच्या आधाराविना बाजारात जाता येण्या-न येण्याचा आहे.

बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा: तीच माणसं पुन्हा मोजली का, मधल्या काळात किती गळाली, आणि सुरुवातीच्या वर्षांतले मृत्यू वगळूनही निष्कर्ष टिकला का. तिन्हींची उत्तरं नसतील तर बातमीवरून औषध किंवा आहार बदलू नका.

महाराष्ट्रात असे आणखी अभ्यास आहेत का?

आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांच्या अभ्यासात २००७-०८ मध्ये निवडलेल्या सहा भारतीय राज्यांत महाराष्ट्र होता. आणि म्हातारपणाची सुरुवात शोधायची तर पुण्याचा केईएम रुग्णालयाचा अभ्यास वाचायलाच हवा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू झाला. बायका गरोदर राहण्याआधीपासून मोजमापं घेतली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पन्नाशीत होणाऱ्या मधुमेहाची पाळंमुळं आईच्या पोटापर्यंत जातात, असं या कामातून दिसतं.

आमची उत्तरं आधार किंवा पेन्शनच्या कार्यालयाला कळतात का?

नाही. संशोधकांना मिळणाऱ्या माहितीत नाव, पत्ता, फोन नसतो.

‘लासी’ची आकडेवारी एम.ए.च्या प्रबंधासाठी मिळेल का?

मिळते, फुकट. देवनारच्या संस्थेकडे अर्ज भरून, विषय आणि मार्गदर्शकाचं नाव देऊन मागायची. वापरताना घोटाळे ठरलेले: ४५ खालचे जोडीदार वगळायचे राहतात, भारांक (निवडलेला माणूस किती जणांच्या वतीने आहे ते सांगणारे आकडे) लावायचे राहतात, आणि ‘डॉक्टरांनी सांगितलेला रक्तदाब’ व ‘मोजलेला रक्तदाब’ एकच धरले जातात. साठीपुढच्या ३२ टक्के लोकांनी डॉक्टरांनी रक्तदाब असल्याचं सांगितलंय, असं नोंदवलं. पण ज्यांनी कधी तपासलाच नाही, ते त्यात येत नाहीत. डॉक्टर जवळ असलेल्या जिल्ह्यात आजार ‘जास्त’ दिसतो तो यामुळे.

आजोबांना ऐकू येत नाही, बोलणंही तुटक आहे. त्यांच्या वतीने मी उत्तरं दिली तर?

चालतं, त्याची वेगळी छोटी प्रश्नावली असते. पण आधी त्यांनाच विचारून बघू द्या. मोठ्याने, समोर बसून, ओठ दिसतील असं बोललं की बरीच माणसं स्वतः उत्तर देतात. तुमच्याकडून घ्यायचंच ठरलं तर मनःस्थिती आणि स्मरणशक्तीचे प्रश्न गाळले जातात. वजन, पकड, चाल, रक्तदाब मात्र आजोबांचाच घेतात. ते घेऊ द्या, बोलणं थांबलं तरी मापं थांबवायचं कारण नाही. पुढच्या फेरीतही शक्यतो तुम्हीच उत्तरं द्या. या वेळी मुलगा आणि पुढच्या वेळी सून बोलली, तर आजोबा बदलले की सांगणारा बदलला, हे कळायला मार्ग राहत नाही.